वाचक विचारतात : कादंबरीतल्या जोडीचा लळा कसा लागेल?

प्रश्न : गोव्यातल्या साखळी गावात घडणारी प्रेमकथा लिहितेय. नायिका फार्मसी चालवते. नायकाच्या घरचा खाणीवरचा ट्रक आता दारात उभा आहे. दोघांच्या मध्ये येतो तो एक गैरसमज. बारा प्रकरणं झाली. वाचलेल्या मैत्रिणी म्हणतात, दोघंही छान आहेत, पण पुढे काय होईल याची ओढ लागत नाही. कुठे चुकतंय? (साखळी)

उत्तर : दोघं नुसतीच छान आहेत, तिथेच. नायक देखणा, मायाळू, सगळ्यांच्या मदतीला धावणारा; आणि अडचण कसली, तर एका गैरसमजाची. साखळीसारख्या गावात गैरसमज टिकणार किती? संध्याकाळपर्यंत कोणीतरी घरी येऊन खरं काय ते सांगून जातं. अडचण स्वभावातून यायला हवी, आणि अशी की दोघांचंही बरोबर वाटावं.

तशी अडचण तुमच्या हाताशीच आहे. फार्मसीवालीला गावात कोणाला काय दुखतंय ते ठाऊक असतं आणि ते बोलता येत नाही. समजा, डॉक्टरनं तीस दिवसांच्या गोळ्या लिहिल्यात आणि नायकाचे वडील दहाचीच पट्टी नेतात. पुढची पट्टी न्यायला येतात ते वीस दिवसांनी. ब्लडप्रेशरची गोळी दिवसाआड चाललीय हे तिला कळतं, मुलाला पत्ताच नाही. ती महिन्याच्या गोळ्या बांधून देते आणि बाकी वहीत मांडते. नायकाला हे समजतं, तो काउंटरवर पैसे मोजून ठेवतो आणि बिल मागतो. एवढ्या प्रसंगात तिची माया आली आणि न विचारता दुसऱ्याच्या घरात लक्ष घालायची खोडही आली. त्याचा स्वाभिमान आला आणि कोणाचं काही घ्यायचं नाही हा हट्टही, ज्यापायी वडिलांनी दुखणं लपवलं. दोष असाच हवा, ज्याची झळ दुसऱ्याला बसते. ‘थोडा रागीट’ म्हटल्यानं काहीच होत नाही.

साल मात्र पक्कं करा. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, २०१५ मध्ये काही पुन्हा चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. कथा २०१६ ची असेल तर ट्रक दारात उभा असायला ‘खाणी बंद’ एवढं कारण पुरणार नाही. डिचोली-साखळीचा वाचक तुम्हाला पहिल्याच प्रकरणात पकडेल.

प्रश्न : लांबी किती ठेवावी? (कुडचडे)

उत्तर : पन्नास हजार शब्द धरून चाला. तीस प्रकरणं, प्रत्येकी सोळा-सतराशे. पहिली भेट पाच हजार शब्दांच्या आत हवी. मोठी ताटातूट पस्तीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान ठेवा. आधी आणली की शेवट ताणत बसावं लागतं. कथा ढेपाळते ती बहुधा बाराव्या ते अठराव्या प्रकरणात, कारण तोवर दोघं एकमेकांना आवडलेली असतात आणि दोघांनी मिळून करायचं असं काम लेखकानं दिलेलं नसतं.

प्रश्न : गावात सगळ्यांचे डोळे असतात. मग दोघांना भेटवायचं कुठे? दर वेळी समुद्रकिनारा बरा दिसत नाही. (फोंडा)

उत्तर : फोंड्याच्या माणसाला किनारा हवाच कशाला? चवथ घ्या, म्हणजे गणेश चतुर्थी. आदल्या दिवशीचा माटोळीचा बाजार, कांगलां, आंबाडे, सुपारीची शिपटी, आणि मग ती माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची लाकडी चौकट, बांधणं. एकानं वर चढून चौकटीला बांधायचं, दुसऱ्यानं खालून एकेक फळ द्यायचं. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला हे जमत नाही म्हणून दोघांना बोलावलं, तर कोणी बोट दाखवणार नाही. घर माणसांनी भरलेलं असू दे. चार माणसांत बोलता येत नाही, म्हणूनच नारळ वर देताना हात अर्धा क्षण जास्त थांबतो. हा प्रसंग घाईनं उरकू नका, दोन पानं द्या.

प्रश्न : माझी जोडी घरच्यांचा विरोध मोडून एका दिवसात रजिस्टर लग्न करते. चालेल ना? (पेडणे)

उत्तर : गोव्यात नाही चालणार. दोघांनी साक्षीदार घेऊन तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे जायचं, लग्नाचा इरादा नोंदवून पहिल्या सह्या करायच्या. मग नोटीस लागते, हरकतीसाठी मुदत असते. ती संपल्यावर दुसऱ्या सह्या, तेव्हा लग्न पक्कं. तुमच्या कथेला हे वरदानच आहे. पळून जाण्यातला थरार एका रात्रीत संपतो. इथे नावं सरकारी फळ्यावर लागलेली आणि दोघं रोज त्याच बाजारातून ये-जा करताहेत.

आणखी एक. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर इथल्या कायद्यानं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आईवडिलांकडून आलेलीसुद्धा. मुलीच्या नावावर घर असेल तर विरोध करणारा काका नुसता ‘लोक काय म्हणतील’ म्हणणार नाही, तो करार करा म्हणेल. त्या कागदावर सही करायची की नाही, यावर मुलगा काय बोलतो ते आधी ठरवा आणि मगच शेवटची पाच प्रकरणं लिहायला घ्या.