वाड्याला पाच दरवाजे आहेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळात तू खेळ चालवणारा आहेस आणि तुझी मोहीम, म्हणजे खेळाची कथा, शनिवारवाड्यात घडवतोयस, छान. पण सगळ्या खेळाडूंनी दिल्ली दरवाज्यानेच आत शिरावं असं मनात धरून बसलास, तर पहिल्याच रविवारी पंचाईत होईल. वाड्याला पाच दरवाजे आहेत. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पोहे खाऊन बसलेली चार डोकी सहावा शोधतील. म्हणून प्रसंगाचा शेवट लिहू नकोस. आत कोण आहे, त्याला काय हवंय आणि कुणीच अडवलं नाही तर पहाटेपर्यंत तो काय करेल, एवढंच लिही.

कुणी म्हणालं, "मी पहारेकऱ्याला फितवतो," तर फासा टाकायच्या आधी काम किती अवघड आहे आणि फसलं तर काय होईल, दोन्ही सांग. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाला फासा आणि पात्राच्या कौशल्याची भर मिळून १५ लागतात. पात्राची भर ५ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. हे कळल्यावर करायचं की नाही ते खेळाडू ठरवेल. आकडा लपवून नंतर बदलणं ही मला तरी लबाडी वाटते. आणि जे अशक्यच आहे, त्यासाठी फासा टाकायला लावूच नकोस. २० पडले की खेळाडू म्हणणार जमलंच पाहिजे, आणि भांडण ठरलेलं.

नियमावरून वाद झाला तर तिथल्या तिथे निर्णय दे, पुस्तक नंतर उघड. तो अधिकार तुझाच. पात्राच्या मनात काय चाललंय, हे मात्र खेळाडूचं (जादूने मन फिरवलं तर गोष्ट वेगळी). "माझं पात्र असंच आहे" म्हणत कुणी सोबत्यांचेच पैसे चोरू लागला, तर कथेत शिक्षा देऊ नकोस. खेळ थांबवून त्याच्याशी सरळ बोल.