'रिमेंबर टू डू' आणि 'रिमेंबर डुइंग' यांत फरक काय?

'टू' लावलं की काम करायचं लक्षात ठेवणं, 'इंग' लावलं की केलेलं काम आठवणं. 'रिमेंबर टू बाय संत्रा बर्फी' म्हणजे बर्फी घ्यायला विसरू नको. 'आय रिमेंबर बाइंग संत्रा बर्फी' म्हणजे घेतल्याचं आठवतं (डबा कोणी फस्त केला, हा प्रश्न वेगळा). पण 'टू म्हणजे भविष्यकाळ' असं पाठ करू नका: 'आय रिमेंबर्ड टू बाय इट' यात आठवणीनं घेऊन झालेलं असतं.

मी नागपुरात बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यांच्या वह्यांत खरा घोळ वेगळाच दिसतो. 'उद्या मले आठवण करून देजो' याचं सर्रास 'रिमेंबर मी टुमारो' होतं. तिथे 'रिमाइंड मी' हवं. 'मला आठवतंय' यावरून आलेलं 'आय अ‍ॅम रिमेंबरिंग'सुद्धा टाळा, नुसतं 'आय रिमेंबर' म्हणा. जुन्या पत्रांत 'रिमेंबर मी टू युअर मदर' सापडेल. ते मात्र बरोबर आहे, अर्थ 'आईंना माझा नमस्कार सांगा'.