झाडाच्या वाढीचे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (इतर जीन चालू-बंद करणारी प्रथिनं) नियंत्रित कसे होतात? जीन चालू झालं की काम संपलं ना?

नाही, संपत नाही. या एका समजुतीपायी माझ्या पीएचडीचं वर्ष गेलंय, म्हणून लिहायला बसले.

टीसीपी४ हा पानातल्या पेशींचं विभाजन आवरणारा फॅक्टर. त्याचं जीन मी ३५एस या जोरदार प्रमोटरखाली (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपामध्ये घातलं. रोपं जवळपास नेहमीसारखीच. दुसऱ्या क्लोनमध्ये, म्हणजे जीनच्या दुसऱ्या प्रतीत, डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची जागा काढण्यासाठी मी डीएनएची दोन अक्षरं बदलली होती. अमिनो आम्लं तीच, प्रथिन तेच. पण दहाव्या दिवशी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर दोन्ही बीजपत्रं कडेनं जुळून एकच खोल वाटी झालेली, आणि त्या वाटीत पहिल्या पानाचा मागमूस नाही. रोपं तिथेच थांबून मेली.

गाइड म्हणाले, "बदल सायलेंट आहे, प्रथिन बदलत नाही. क्लोन बिघडलाय, फेकून दे." मी तीनदा सिक्वेन्स केला, म्हणजे त्याची अक्षरं वाचून घेतली, तीनदा तेच ऐकलं. शेवटी लक्षात आलं की ती दोन अक्षरं नेमकी मायक्रोआरएनए ३१९ (आरएनएचा एक छोटा तुकडा) चिकटतो त्या पट्ट्यात होती. एरवी तो टीसीपी४ चा संदेश, म्हणजे जीनवरून बनलेला आरएनए, कापून टाकतो. माझ्या क्लोनला त्याची पकडच बसत नव्हती. टीसीपीवरचं हे नियंत्रण २००३ मध्येच छापून आलं होतं. तो पेपर मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चूक मान्य केली नाही.

संदेश कापला गेला नाही तरी पुढे प्रथिनावर पहारा असतोच. डेला नावाची प्रथिनं वाढ घडवणाऱ्या पीआयएफ फॅक्टरना धरून ठेवतात. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक आलं की डेला नष्ट होतात आणि पीआयएफ सुटतात. ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे ऑक्स/आयएए ही अडवणारी प्रथिनं मोडतात तेव्हा एआरएफ हे फॅक्टर मोकळे होतात. झाडाच्या मुळामध्ये शॉर्ट-रूट हा फॅक्टर तर शेजारच्या पेशींच्या थरात चालत जातो आणि तिथे स्केअरक्रो हा दुसरा फॅक्टर त्याला केंद्रकात अडकवतो. म्हणजे आरएनए मोजून "फॅक्टर काम करतोय" म्हणणं चूकच.

अर्थात सगळ्याच फॅक्टरना मायक्रोआरएनए नसतो, आणि जीन चालू-बंद होण्यालाही महत्त्व आहेच. थंडीत एफएलसी हे फुलणं रोखणारं जीन क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि त्याभोवतीच्या प्रथिनांच्या गुंडाळीच्या) पातळीवरच बंद होतं.

तुम्ही स्वतः क्लोनिंग करत असाल तर सायलेंट बदल करण्याआधी तिथे मायक्रोआरएनए बसतो का ते बघा. आणि विचित्र रोप दिसलं तर कुणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी प्लेट फेकू नका. आधी फोटो काढा, तारीख घाला, मग वाद घाला.