गळत्या जोडासाठी मुदत ठेव मोडावी काय?

शिरूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ट्रॉलीच्या फिटिंगमधून कामाच्या दिवशी अर्धा लिटर तेल गळते, टेफ्लॉन टेप तीनदा गुंडाळूनही गळती थांबलेली नाही आणि गॅरेजने पंप, सगळे होज पाइप व फिटिंग बदलण्याचे ६२,००० रुपये सांगितले आहेत. त्यासाठी पाच महिन्यांनी मुदत संपणारी एक लाखाची ठेव मोडावी काय? भरलेली ट्रॉली मात्र अजूनही पूर्वीइतक्याच वेगाने उचलली जाते, असे ते लिहितात.

आपल्या पत्रातील हे शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. पंप झिजला असता तर भार उचलताना तो मंदावला असता. म्हणून दाबमापक लावून पंपाची चाचणी झाल्याखेरीज तो बदलण्यास होकार देऊ नये आणि ठेवीलाही तूर्त हात लावू नये.

याचा अर्थ गळती तशीच राहू द्यावी असा मुळीच नाही. महिन्याला वीस दिवस काम आणि तेल २५० रुपये लिटर धरले, तर दरमहा २,५०० रुपये मातीत जातात. शिवाय अनेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असते. आपल्या ट्रॅक्टरातही तसे असेल, तर पातळी खाली गेल्यावर त्याची झळ गिअरनाही बसेल, आणि तो खर्च ६२,००० रुपयांवरही थांबणार नाही.

टेप तीनदा निकामी ठरली, याचे कारण बहुधा जोडाच्या प्रकारात आहे. निमुळत्या आट्यांच्या जोडात गळती आट्यांमध्येच रोखली जाते, म्हणून तेथे सीलंट लागते. सरळ आट्यांच्या जोडात हे काम बॉन्डेड वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) किंवा ओ-रिंग (रबरी कडे) करते, तर शंकूच्या आकाराच्या बैठकीच्या फिटिंगमध्ये धातूच्या दोन पृष्ठभागांची घट्ट बैठक करते. या दोन्ही ठिकाणी आट्यांवर कितीही टेप गुंडाळली तरी तेल थांबत नाही. आणखी एक फसवी गोष्ट अशी की, अर्ध्या इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) या आट्यांच्या दोन्ही मापांत इंचाला १४ आटे असल्याने ती एकमेकांत सुरुवातीला बसतात. मात्र एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा असल्यामुळे असा जोड गळतच राहतो. तो आणखी आवळला, तर ओतीव लोखंडाच्या भागाला तडा जाण्याचा धोका असतो, आणि टेपचे सुटलेले तुकडे कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये अडकले तर खर्चात नवीनच भर पडते.

म्हणून गळणारी फिटिंग आणि तिचा समोरचा भाग काढून भोसरीतील होज-फिटिंगच्या दुकानात न्यावा व आटे गेजने मोजून घ्यावेत. निमुळते आटे असतील, तर तेलाचा अंश पुसून हायड्रॉलिकसाठीचे ॲनारोबिक (हवा न मिळाल्यावर घट्ट होणारे) सीलंट पहिला आटा मोकळा सोडून लावावे आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत दाब देऊ नये. हंगामातली घाई येथेच नडते. या साऱ्यासाठी मी ५,००० रुपयांची मर्यादा घालीन. गळती थांबली, तर दोन महिन्यांच्या वाचलेल्या तेलात ते वसूल होतात.

बचत खात्यात तेवढेही नसतील, तर त्याच ठेवीवर कर्ज घ्यावे. बँका साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के अधिक व्याज लावतात. नऊ टक्के धरले तरी ५,००० रुपयांवर पाच महिन्यांचे व्याज १८८ रुपयांच्या आसपास होते. उलट मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास जितका काळ ती राहिली त्या काळाचा दर लागू होतो आणि बहुतेक बँका त्यातूनही दंड कापतात.

एक गोष्ट मात्र पैशांच्या हिशेबात बसत नाही. गळती कोठे आहे हे बोटाने चाचपून कधीही पाहू नये. या दाबाची बारीक धार त्वचेतून आत शिरते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. शोध पुठ्ठ्याने घ्यावा, आणि फिटिंग सोडण्यापूर्वी ट्रॉली पूर्ण खाली टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब काढून टाकावा. चाचणीत पंप खरोखरच कमी दाब देताना आढळला, तर ते आकडे आणि पंपाचे स्वतंत्र अंदाजपत्रक मला पाठवावे; त्या खर्चाचा विचार आपण वेगळा करू.