गवताचं छप्पर किती वर्षं टिकतं, आणि सिंथेटिक घातलं तर देखभाल खरंच लागत नाही का?

तुमचा प्रश्न मला असा समजला की अंगणातल्या बसायच्या मांडवावर आणि मागच्या दोन खोल्यांवर गवती छप्पर घालायचंय, एकजण सांगतो खरं गवत पाच वर्षांत कुजतं, दुसरा सांगतो सिंथेटिक घाला आणि वीस वर्षं बघायलाच नको. दोघंही अर्धंच सांगतायत. मी शाकारणीच्या कामात बरीच वर्षं आहे, दोन्ही प्रकारची छपरं घातलीयत आणि जुनी झालेली उतरवलीयतही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. खऱ्या गवताचा शत्रू म्हणजे साचून राहणारं पाणी, आणि प्लास्टिकचा शत्रू म्हणजे ऊन. कुठलं किती टिकेल आणि कुणाची काय निगा राखायची, ते सगळं इथूनच ठरतं.

खऱ्या गवताचं बघू. नीट शाकारलेल्या छपरात कितीही पाऊस पडला तरी वरचा दोन-तीन सेंटिमीटरचाच थर भिजतो, पाणी काडीवरून काडीवर घसरत वळचणीला येऊन गळतं आणि आतलं सगळं कोरडं राहतं. पण हे होण्यासाठी उतार किमान 45 अंश पाहिजे, 50 असला तर उत्तमच, आणि थर साधारण 30 सेंटिमीटर जाड आणि घट्ट दाबून बांधलेला पाहिजे. उतार 30-35 वर आणलात की पाणी रेंगाळतं, आत झिरपतं, बुरशी धरते आणि मग तेच गवत निम्म्या वयात जातं. लोक म्हणतात माल खराब होता, पण मी उतरवलेल्या छपरांत माल बरा आणि उतार चुकलेला हेच जास्त वेळा दिसलंय.

आता वर्षांचं. पाणथळीत वाढणारं जाड बोरूसारखं गवत, ज्याला वॉटर रीड म्हणतात, ते चांगलं घातलं तर 25 ते 40 वर्षं जातं. गव्हाचा काड निवडून, विंचरून, एका दिशेने लावलेला असेल तर साधारण 25-30, आणि तोच न विंचरता लावला तर 15 ते 25. माडाची झापं किंवा इतर ताडवर्गी पानं मात्र पातळ असतात, दमट हवेत ती दोन-तीन ते पाच-सात वर्षांतच बदलावी लागतात, म्हणजे तुम्हाला जो पाच वर्षं म्हणाला तो बहुतेक झापांबद्दल बोलत असणार. काडाचं अजून एक, शेतात नत्र खत भरपूर मारलेलं असेल तर काड भराभर वाढतो पण आतून ठिसूळ राहतो आणि लवकर कुजतो, त्यामुळे माल घेताना नुसती लांबी बघू नका, तो कुठल्या शेतातला आहे आणि कापून नीट वाळवलाय का हे विचारा.

आणि हे आकडे वरच्या थराचे आहेत हं, अख्ख्या छपराचे नाहीत. इंग्लंडमध्ये काही जुन्या घरांवर अगदी तळाचा थर मध्ययुगातला, चुलीच्या धुराने काळा पडलेला, अजून जागेवर आहे, कारण तिथे वरचा झिजलेला भाग काढून त्यावर नवा थर चढवायची पद्धत आहे आणि तळापर्यंत पाणी पोचलेलंच नाही. त्यामुळे कुणी सरळ म्हणाला की सगळं उपसून टाकू, तर आधी आतलं गवत बघायला मागा.

बघायचं कसं तेही सांगतो. पाख्याच्या, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूच्या, मधोमध दोन-चार काड्या बाजूला सारा आणि बोट आत घाला. वरून छप्पर करडं, काळपट दिसणारच, त्याने घाबरू नका. दोन-तीन सेंटिमीटर आत गेल्यावर काडी कोरडी, पिवळसर आणि ओढली तर ताण धरणारी असेल तर छप्पर ठणठणीत आहे. तिथेही ओलसर, काळी आणि चिमटीत भुगा होणारी लागली तर तेवढा भाग गेला. दुसरी खूण म्हणजे गवत धरून ठेवणाऱ्या आतल्या आडव्या कामट्या किंवा तारा वर दिसायला लागणं, त्या दिसल्या की वरचं गवत झिजून संपत आलं असं समजा आणि मग थांबू नका, कारण बांधणी उघडी पडली की वाऱ्याने पेंढ्या सुटायला वेळ लागत नाही.

निगा म्हणाल तर आढ्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दोन्ही पाखी जिथे भेटतात तिथे गवत वाकवून बसवलेलं असतं, पाऊस-वारा तिथेच जास्त लागतो, म्हणून आढं दर 10-15 वर्षांनी नवं करावं लागतं, बाकी छप्पर चांगलं असलं तरी. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटा, सावलीतली आणि पानगळीखालची बाजू वाळत नाही म्हणून तीच आधी जाते. शेवाळ जाड झालं असेल तर कोरड्या दिवसांत कारागिराकडून हलक्या हाताने काढून घ्या, प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याने चांगलं गवतही निघतं आणि पाणी आत घुसतं. आढ्याजवळ तांब्याची तार किंवा पट्टी लावली तर पावसाबरोबर तांब्याचा अंश खाली उतरत राहतो आणि शेवाळ कमी धरतं. पक्षी-उंदीर काड ओढत असतील तर जाळी मारा. आणि गळतंय म्हणून वरून ताडपत्री कायमची टाकून ठेवू नका, चार दिवस ठीक आहे, पण खाली दमट हवा कोंडून गवत आतून कुजतं आणि ते वरून कळतसुद्धा नाही.

आता सिंथेटिक. हे बहुतेक एचडीपीई, पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पीव्हीसी या प्लास्टिकचं असतं. कुजत नाही, कीड लागत नाही, हे अगदी खरं. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात, आधी रंग उडतो, मग पान कडक होतं आणि मग वाऱ्यात टोकं तुटून खाली पडायला लागतात. ते थांबवायला मालात यूव्ही स्टॅबिलायझर मिसळतात आणि खरं आयुष्य त्यावरच ठरतं, चांगला माल 15-20 वर्षं काढू शकतो, स्वस्तातला कडक उन्हात तीन-पाच वर्षांत ठिसूळ होतो आणि दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. पाण्याचे काळे पाइप उन्हात टिकतात ते त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काजळीसारख्या काळ्या पुडीमुळे, पण गवताच्या पिवळ्या रंगात ते घालता येत नाही, म्हणून इथे स्टॅबिलायझरची गरज जास्त. जुनं सिंथेटिक तपासायचं तर पानाचं टोक घडी घालून दाबा, पांढरी रेघ उमटून तिथेच तुटलं किंवा बोटाला पांढरट भुकटी लागली तर ते संपत आलंय.

अजून दोन गोष्टी विक्रेते पटकन सांगत नाहीत. एक, बरंचसं सिंथेटिक गवत फक्त दिसायला असतं, पाणी अडवायचं काम त्याच्या खालच्या वॉटरप्रूफ शीटचं, ती फाटली की छप्पर गळणारच. दुसरं, खऱ्या गवताच्या जाड थरात हवा अडकलेली असते म्हणून खोली उन्हाळ्यात थंड राहते, प्लास्टिकच्या पातळ पानांनी तसं काही होत नाही, खाली वेगळं इन्सुलेशन घालावंच लागतं. देखभाल तशी थोडीच, वर्षातून एकदा साध्या पाइपने धूळ-पाला धुवायचा, कडेचे आणि आढ्याचे स्क्रू तपासायचे (ते स्टेनलेसचेच घ्या, खारी हवा असेल तर साधे खिळे लवकर गंजतात), आणि घेतानाच थोडे पॅनल जास्तीचे घेऊन ठेवायचे. बदलताना नवा पॅनल समोर लावू नका, उठून दिसतो, मागच्या बाजूचा जुना समोर आणा आणि नवा मागे लावा.

आगीचं दोन्हीत बघायला लागतं. खऱ्या गवताला आग बहुतेक चुलीच्या धुराड्यातून लागते, ते साफ आणि छपरापेक्षा बरंच उंच ठेवा, वायरिंग गवताला टेकू देऊ नका. एकदा आत धुमसायला लागलं की विझवणं फार कठीण, कारण छप्पर पाणी बाहेर टाकण्यासाठीच बांधलेलं असतं आणि बंबाचं पाणीही तसंच घसरून जातं. वरून फवारलेलं अग्निरोधक पावसाने धुतलं जातं, ते ठराविक काळाने परत मारावं लागतं. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई जळताना वितळून थेंब-थेंब गळतात, त्यामुळे अग्निरोधक मालातच मिसळलेलं आहे का ते विचारा आणि त्याच मालाचा टेस्ट रिपोर्ट मागा, जाहिरातीतलं वाक्य नको.

तुमच्या बाबतीत मी खोल्यांवर खरं गवत घालेन, उतार मिळत असेल आणि वर झाडांची सावली नसेल तर. मांडवाचा उतार बहुतेक कमी असणार, तिथे खाली चांगली शीट टाकून सिंथेटिक बरं पडेल. आधी उतार मोजा, भिंतीच्या माथ्यापासून आढ्याच्या बरोबर खालपर्यंतचं आडवं अंतर आणि तिथून आढ्याची उंची घ्या, 1 मीटरला 1 मीटर भरलं तर 45 अंश, 1.2 मीटर भरलं तर 50. दोन्ही छपरांची मापं आणि ऊन कुठल्या बाजूने येतं तेवढं खाली लिहा, म्हणजे कुठला माल आणि किती जाड थर ते नेमकं सांगता येईल.