मुलाच्या एमआरआयमध्ये अचानक अरॅक्नॉइड सिस्ट निघाली, आता काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा 26 वर्षांचा आहे, डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि डाव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात साधारण 4 सेंमीची अरॅक्नॉइड सिस्ट निघाली. तो निवांत आहे आणि झोप तुमची उडाली आहे. मेंदूचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा ट्यूमर नाही. मेंदूभोवती जे पाणी असतंच, तेच पाणी पातळ आवरणाच्या पदरात साठलेलं असतं, बहुतेकदा जन्मापासून. मिशिगन विद्यापीठाच्या 2013 सालच्या अभ्यासात 48,417 प्रौढांपैकी 661 जणांत ती सापडली, म्हणजे शंभरात एक-दीड. पुरुषांत प्रमाण जास्त, आणि डावं कानशील ही तिची नेहमीची जागा. प्रौढ वयात ती सहसा वाढत नाही.

रिपोर्टात चार गोष्टी बघा. पहिली, सिस्ट सगळ्या सिक्वेन्सवर (टी2, फ्लेअर, डिफ्यूजन अशा एमआरआयच्या वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमांवर) पाण्यासारखीच दिसते का? टी2 वर पांढरी, फ्लेअरवर काळी, डिफ्यूजनवर चमक नाही. डिफ्यूजनवर चमकली तर एपिडर्मॉइड ही वेगळी गाठ असू शकते, तिचा विचार वेगळा करावा लागतो. दुसरी, तीनही दिशांची मापं दिली आहेत का? एकच आकडा पुढे तुलनेला पुरत नाही. तिसरी, 'मिडलाइन शिफ्ट' (मेंदूची मधली रेषा एका बाजूला सरकणं) किंवा आसपासच्या भागावर दाब लिहिलाय का? चौथी, सिस्टच्या आत किंवा शेजारी रक्त नाही ना? कवटीचं हाड पातळ झालंय किंवा 'स्कॅलोपिंग' (हाडाला आतून पडलेला खळगा) असं लिहिलं असेल तर त्याने घाबरू नका; सिस्ट फार जुनी आहे एवढंच त्यातून कळतं.

फिल्मवर भागत नाही. सेंटरकडून डायकॉमची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्सची) सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. लहानपणी डोक्याला मार लागून कधी सीटी काढला असेल तर तो माळ्यावरून शोधून काढा. त्यातही सिस्ट एवढीच दिसली, तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

मग न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जनकडे एकदा जा. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फंडस तपासून घ्या: बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या मागची नस सुजली आहे का ते बघतात. डोक्यातला दाब वाढलाय का, याचा तो स्वस्त आणि चांगला अंदाज. नस सुजलेली नाही, दाब नाही, फिट आलेली नाही, तर ऑपरेशनचं कारण उरत नाही. काही सर्जन 6 ते 12 महिन्यांनी एक एमआरआय सांगतात, काही तेवढंही सांगत नाहीत. दोन्ही बरोबर. दर तीन महिन्यांनी स्कॅन मात्र नको. कोणी लगेच दुर्बिणीने सिस्टला छिद्र पाडायचं किंवा शंट (पाणी दुसरीकडे काढणारी नळी) घालायचं सुचवलं, तर 'कोणत्या त्रासासाठी?' असं सरळ विचारा आणि दुसरं मत घ्या.

डोकेदुखी बहुधा वेगळी आहे, आणि ती या गडबडीत बाजूला पडते. महिन्यात 15 किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत असेल, तर डोकं त्या गोळ्यांमुळेच दुखत राहू शकतं. किती वाजता दुखलं, किती वेळ, कोणती गोळी, झोप किती, एवढं महिनाभर वहीत लिहायला सांगा. डॉक्टरांना एमआरआयपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडेल.

खरा धोका मार लागण्याचा. ताणलेल्या शिरा फुटून सिस्टभोवती रक्त साचू शकतं. क्वचित होतं, पण कधी कधी आठवड्यांनंतरही दिसतं. बाइकवर हेल्मेट पट्टा लावून, बॉक्सिंग किंवा कबड्डी असेल तर आधी सर्जनला विचारायचं. मार लागल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, दोन दोन दिसू लागलं, एक हात ढिला पडला किंवा फिट आली, तर थेट इमर्जन्सी. सीडी सोबत न्या.

आता तुमच्याबद्दल. रिपोर्ट त्याचा आहे. डॉक्टरांशी तोच बोलेल. तुम्हाला आत यायचं असेल तर त्याला विचारा, आणि प्रश्न आदल्या दिवशी कागदावर लिहून त्याच्याच हातात द्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. मामा, काकू, शेजारी सगळे उपाय सुचवतील आणि उद्या स्थळ बघताना तोच फोटो फिरेल. लग्नाच्या बोलणीत काय सांगायचं तेही त्यालाच ठरवू द्या. माझं मत विचाराल तर मुलीला त्याने स्वतः सांगावं, रिपोर्ट दाखवून.

आरोग्य विम्याच्या अर्जात मात्र लपवू नका. 2024 च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं असू शकते; लपवलेलं पुढे निघालं तर क्लेम अडतो. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर नोकरी सोडण्याआधी वैयक्तिक पॉलिसी घेऊन ठेवायला सांगा.