‘काही दिसलंच नाही’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाचं ऐकायचं का?

पत्र : मी कोल्हापूरची. उपयोजित कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्रमैत्रिणींना घेऊन २४ मिनिटांची कृष्णधवल फिल्म केली. काळ १९५३, गाव कोल्हापूर, शैली नॉयर, म्हणजे जुन्या अमेरिकन गुन्हेपटांची काळोख-सावल्यांची. सावकारी पेढीवरच्या कारकुनाला गहाण पडलेल्या ट्रंकेत एका बाईचं पत्र सापडतं आणि तो तिच्या प्रकरणात ओढला जातो. आत्याच्या जुन्या वाड्यात रात्री जागून शूटिंग केलं. ९० हजार रुपये लागले, त्यातले ४० हजार बाबांचे. कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, अभिप्रायाचे कागद वाटले, त्यातले ५३ परत आले. ‘फार काळोख, काही दिसलंच नाही’ असं पुष्कळांनी लिहिलंय. ‘शेवट कळला नाही’ हेही बऱ्याच जणांचं म्हणणं. एका गंभीर जागी लोक चक्क हसले. पेढी आणि तिथल्या वस्तूंचं मात्र कौतुक झालं. बाबा म्हणतात, लोकांनी निकाल दिला, आता जाहिरात एजन्सीत नोकरी धर. मला दिग्दर्शक व्हायचंय. काय करू?

उत्तर : तुझी फिल्म पाहिली आणि सोबत पाठवलेले सगळे कागदही वाचले. बाबा ज्याला निकाल म्हणतात तो निकाल नाही, कारण हे कागद एका कामाबद्दल बोलतच नाहीत. ‘दिसलं नाही’ म्हणणारा प्रकाशयोजनेबद्दल बोलतोय. ‘शेवट कळला नाही’ म्हणणारा पटकथा आणि संकलनाबद्दल. ‘ते पावतीपुस्तक कुठून मिळवलंस?’ असं विचारणारा कला विभागाबद्दल. पैसे नव्हते म्हणून ही सगळी कामं तू एकटीनं केलीस, त्यामुळे सगळ्यांचं बोलणं एकदम तुझ्याच अंगावर आलं. ते कागद जमिनीवर मांड आणि कामाप्रमाणे त्यांचे गठ्ठे कर. कौतुकाचा एक आणि टीकेचा एक असे करू नकोस, त्यातून मन खट्टू होण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

आधी काळोखाचं बोलू. ‘नॉयर आहे म्हणजे काळोख असणारच, लोकांना शैली कळली नाही’ असं तू लिहिलंयस. मला ते पटत नाही. अमेरिकन नॉयरचा छायालेखक जॉन ऑल्टन याचं १९४७ च्या ‘टी-मेन’मधलं काम नीट बघ. चौकटीचा मोठा भाग काळाभोर असतो, पण जे दिसायला हवं, मग तो हॅटचा काठ असो, हात असो की अर्धा चेहरा, ते लख्ख दिसतं. नजर कुठे न्यायची याची शंका राहत नाही. तुझा कारकून पत्र वाचतो त्या प्रसंगात कागद, चेहरा आणि मागची भिंत तिन्ही सारख्याच करड्या आहेत. काळं काळं नाही आणि पांढरं पांढरं नाही. वर कॅमेऱ्याला प्रकाश कमी पडल्यामुळे चित्रात मुंग्या आल्यात. ही शैली नव्हे, हे कमी एक्स्पोजर आहे. एकच दिवा कागदाच्या अगदी जवळ आणला असतास, कागदावरून उडालेला प्रकाश चेहऱ्यावर घेतला असतास आणि बाकी भिंत काळ्या कापडानं झाकली असतीस तर तोच प्रसंग उभा राहिला असता, आणि खर्च कापडाचा.

अर्थात दोष सगळा तुझा नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करून लॅपटॉपवर मला ते प्रसंग तुझ्या प्रेक्षकांपेक्षा बरे दिसले असणार. हॉलला पातळ पडदे होते आणि प्रोजेक्टर जुना होता असं तूच लिहितेस. पुढच्या खेळाच्या आधी हॉलवर जाऊन सगळ्यात काळोखा शॉट पडद्यावर लावून बघ, आणि दिसत नसेल तर त्या पडद्यासाठी वेगळी, थोडी उजळ प्रत काढ.

कमी पैशांत नॉयर करणाऱ्यांना काळोखानं पूर्वीपासून हात दिलाय. एडगर उल्मरच्या १९४५ च्या ‘डिटूर’मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता उभा करायला पैसे नव्हते, म्हणून धुकं सोडलं आणि धुक्यात दोन माणसं चालवली. त्याच फिल्ममध्ये गाडीला हात दाखवण्याचे काही शॉट उलटे छापले गेलेत, त्यामुळे स्टिअरिंग भलत्याच बाजूला दिसतं. ही चूक आजचे प्रेक्षकही पकडतात. तरी १९९२ मध्ये ती फिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जपण्यासाठी निवडली गेली. चुका चालतात असा याचा अर्थ काढू नकोस. नायक एकेक पाऊल कसा खाली जातोय हे तिथे क्षणोक्षणी कळतं, म्हणून स्टिअरिंग माफ होतं.

तुझ्याकडे नेमकं तेच कळत नाही. ‘शेवट घाईत उरकला’ असं लोकांनी लिहिलंय, पण शेवट मला ठीक वाटला. चूक सहाव्या मिनिटाला आहे. पत्राखालची सही तू जेमतेम सेकंदभर दाखवतेस, तीही अंधुक, आणि सगळा शेवट त्या सहीवर उभा आहे. पोट दुखतंय म्हणणाऱ्या रुग्णाचं दुखणं खरंच असतं, पण दुखण्याचं मूळ वैद्यानं शोधायचं. प्रेक्षकाचं तसंच आहे. तो अडखळला हे शंभर टक्के खरं मान. ‘निवेदन टाका’, ‘बाईला शेवटी परत आणा’ असे त्याचे उपाय मात्र बाजूला ठेव.

यापुढे फिल्म पूर्ण झाल्यावर कागद वाटू नकोस. कच्चं संकलन झालं की पाच-सहा अनोळखी माणसांना दाखव, त्यांत एक-दोन साठीपुढचे असू देत. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारूच नकोस, आपल्याकडे त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्यांना गोष्ट सांगायला लाव. पत्र कुणी लिहिलं होतं? कारकुनाला ते कधी कळलं? ते चुकीचं सांगत असले तरी मधे बोलू नकोस. तुझ्या मनातली गोष्ट आणि त्यांना दिसलेली गोष्ट यांत कुठे फाटा फुटला, तेवढं टिपून घे.

आता ते हसू. कारकून घाबऱ्याघुबऱ्या फोन उचलतो, नंबर फिरवतो आणि लगेच मुंबईच्या माणसाशी बोलतो, तिथे हॉल हसला. का हसला हे एका कागदावर स्पष्ट लिहिलंय. लिहिणारे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. १९५३ मध्ये कोल्हापूरहून मुंबईला असा थेट फोन लागत नसे. एक्स्चेंजला सांगून ट्रंक कॉल बुक करायचा आणि लाइन मिळेपर्यंत वाट बघत बसायचं. भारतात थेट एसटीडी आलं ते १९६० मध्ये, तेही आधी लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान. मला विचारशील तर ५३ कागदांतला सगळ्यात मोलाचा कागद हा. त्यानं तुला चूक दाखवली आणि एक अख्खा प्रसंगही दिला. भेदरलेला माणूस, बंद खोली, कॉल बुक केलाय आणि घंटा वाजत नाही. बाहेर जिन्यावर पावलं. एक नट, एक दिवा, एक फोन. गुन्हेपटाला लागणारा ताण त्या काळाच्या अडचणीतच पडून होता आणि तू तो नंबर फिरवून घालवलास. त्या काकांना भेट, एक्स्चेंजवर ऑपरेटर नेमकं काय बोलायचे ते त्यांच्याकडून लिहून घे आणि तो प्रसंग नव्यानं शूट कर.

काळाच्या बाकी चुकांचंही असंच बघ. पाकिटावर तू ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलंस. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि महाराष्ट्र राज्य आलं १ मे १९६० ला. त्याच पत्त्यावर पिनकोडही आहे, तो १९७२ चा. चहावाला ‘पंचवीस पैसे’ मागतो, पण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची, तोवर चार आणे. या तीनही चुका पाकीट पुन्हा रंगवून आणि एक शब्द नव्यानं डब करून सुटतात. वाड्याबाहेरच्या ऑटोरिक्षाची फटफट काढायला ध्वनिसंकलकाबरोबर दोन दिवस बस. कुणीच न पकडलेली एक गोष्ट मी सांगतो. तुझा नायक खाणावळीत सगळ्यांसमोर ग्लास घेऊन बसतो. ही सवय त्यानं अमेरिकन नॉयरमधून उचललीय. मुंबई राज्यात तेव्हा १९४९ चा दारूबंदी कायदा होता, परमिट नसताना पिणं हाच गुन्हा. तोच ग्लास त्यानं टेबलाखाली लपवला असता तर त्याच्याबद्दल एक वाक्यही न बोलता बरंच काही कळलं असतं. अशा गोष्टींसाठी करवीर नगर वाचन मंदिरात बसून त्या वर्षांची वर्तमानपत्रं आणि मासिकं चाळ. बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त बघ. पुण्याला गेलीस तर १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली जुनी छायाचित्रं आणि पोस्टरं जरूर पाहा.

आता करिअर. गठ्ठे केलेस की दिसेल, सगळ्यात जाड गठ्ठा वस्तूंचा आहे. पेढीची पाटी, पावतीपुस्तकाचे ओघळलेले शिक्के, औषधाच्या बाटलीवरचं लेबल. मोडी वळणाचा तो वहीचा मथळा तर मी फिल्म थांबवून बघितला. हे तुला सहज जमतं म्हणून तू त्याला मोजतच नाहीस. पत्रात त्याबद्दल एकच ओळ आहे. पण चित्रपट आणि वेब मालिकांच्या कला विभागात नेमकं हेच काम करणारी माणसं लागतात. पडद्यावर दिसणारी पत्रं, तिकिटं, वर्तमानपत्रं, दुकानांच्या पाट्या, नोटा कुणीतरी अभ्यास करून बनवतं, आणि ऐतिहासिक किंवा मागच्या काळातली गोष्ट असेल तर हे काम शेकडो वस्तूंचं होतं. उपयोजित कलेची पदवी या कामासाठीच घेतलीय असं वाटावं इतकी ती इथे लागू पडते.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. या वर्षी दिग्दर्शनाच्या मागे धावू नकोस. कलादिग्दर्शनाच्या दारानं आत जा. पदवी आधी पूर्ण कर, ते वर्ष कुठल्याही कारणानं सोडायचं नाही. मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा कलादिग्दर्शन आणि प्रॉडक्शन डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम बघ. प्रवेश परीक्षेतून असतो. पात्रता आणि शुल्क त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपत्रकात वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. प्रवेश मिळाला नाही तर एखाद्या कलादिग्दर्शकाकडे सहायक म्हणून लाग. मुंबईत काम जास्त आहे, पण मालिकांच्या निमित्तानं कोल्हापूरच्या चित्रनगरीतही संधी मिळते, आणि घरी राहून पहिलं वर्ष काढता आलं तर पैशांचा ताण कमी होतो.

या वाटेनं दिग्दर्शन दुरावेल अशी भीती तुला वाटेल. तू राहतेस त्या गावात तरी ती वाटायला नको. कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. त्यांच्या हाताखाली घडलेले फत्तेलाल ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे कलादिग्दर्शक होते, आणि दामल्यांच्या जोडीनं त्यांनी १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. मी म्हणतोय ती फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली ती त्याच ‘प्रभात’च्या पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेत. सहायकाचं काम कमीपणाचं वाटत असेल तर व्ही. के. मूर्तींचं आठव. गुरुदत्तच्या ‘बाजी’वर ते सहायक छायालेखक होते, एक अवघड शॉट त्यांनी सुचवला आणि करून दाखवला, आणि पुढच्या ‘जाल’पासून ते गुरुदत्तचे छायालेखक झाले.

बाबांसाठी दोन शब्द, हे त्यांना वाचायला दे. तुमचे ४० हजार गेले ही गोष्ट खरी आहे आणि ते परत येतील असं मी सांगणार नाही. पण मुलीच्या हातात आज दोन गोष्टी आहेत. लोकांना थांबवून बघायला लावणाऱ्या वस्तूंचा संच, आणि ५३ माणसांनी मनापासून लिहिलेलं मत. पुष्कळ पदवीधर नोकरी मागायला जातात तेव्हा यातलं काहीच त्यांच्याजवळ नसतं. जाहिरात एजन्सीचा तुमचा पर्यायही मी फेटाळत नाही. क्रिस्टोफर नोलननं १९९८ ची ‘फॉलोइंग’ ही कृष्णधवल फिल्म केली तेव्हा त्याची माणसं नोकऱ्या सांभाळून होती, म्हणून शूटिंग वर्षभर सुट्टीच्या दिवशी चालायचं, आणि फिल्मरोल वाचवायला प्रसंगांची आधी भरपूर तालीम व्हायची. तिला एजन्सीत दोन वर्षं काढावी लागली तरी हात चालू राहील. फक्त सुट्टीच्या दिवशीच्या कामाला घरातून विरोध होऊ देऊ नका.

आणि तू, जूनच्या आत वीसेक पानांचा पोर्टफोलिओ तयार कर. प्रत्येक वस्तूला एक पान : मूळ संदर्भ कुठे सापडला, ती कशी बनवलीस, किती रुपये लागले आणि पडद्यावर ती कशी दिसली. चुकीचं पाकीट आणि दुरुस्त केलेलं पाकीट शेजारी शेजारी लाव. मुलाखत घेणारा त्या पानावर नक्की थांबेल. पहिलं काम मिळालं की मोबदला, दिवस आणि श्रेयनामावलीतलं नाव लेखी घे, निदान ईमेलवर तरी. मालिकांच्या कामाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात, तेव्हा मुंबईला जाणार असशील तर तेवढ्या महिन्यांचं भाडं आधी गाठीला बांध.